मुदत संपली, मग कुलूप कशाला?

‘मुलांना शिकवायलाच तर वापरतोय, त्यात काय बिघडलं?’ हे एका बाजूचं म्हणणं. ‘नेटवरच्या कशालाही हात लावू नका, उद्या नोटीस आली तर कोण निस्तरणार?’ हे दुसऱ्या बाजूचं. कोल्हापुरातल्या शाळा-महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा वाद सतत ऐकू येतो, आणि दर वेळी तो याच दोन वाक्यांपाशी अडतो. एका गटाला गूगलवर दिसलेलं प्रत्येक चित्र आपलं वाटतं, दुसऱ्याला प्रत्येक चित्र परक्याचं. वाद फुकट की चोरी एवढाच उरतो. या दोन्ही गटांच्या मध्ये पुस्तकं, चित्रं, छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं आणि चित्रपट यांचा एक प्रचंड साठा पडून आहे. त्यावरचा प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेला आहे आणि कायद्याने तो तुमचा-माझा आहे. माझं म्हणणं असं, की हा साठा शोधणं, त्याची खातरजमा करणं आणि तो निर्भयपणे वापरणं हे शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या कामाचंच अंग आहे. ज्या संस्थांच्या कपाटांत तो आहे, त्यांना त्यावर कुलूप घालण्याचा नैतिक अधिकार नाही. बहुतेक वेळा कायदेशीर अधिकारही नाही.

कायदा वाटतो तितका अवघड नाही. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार पुस्तक, चित्र, नाटक किंवा संगीतरचना यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. चित्रपट, ध्वनिमुद्रण आणि सरकारी प्रकाशनं यांची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं. हे आपल्या गावाला लावून पाहा. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं १ जानेवारी २००५ पासून सर्वांची झाली. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं आणि त्यांच्या हातची पोस्टर्स १ जानेवारी २०१५ पासून मोकळी आहेत. वि. स. खांडेकर मात्र १९७६ साली गेले, तेव्हा त्यांचं साहित्य १ जानेवारी २०३७ ला मोकळं होईल. त्यांच्या कादंबरीची पीडीएफ आज कुणी पाठवली तर ती पुढे ढकलणं चूकच, शिक्षकाने ढकलली तरीही. मृत्यूचं एक साल माहीत असलं की निम्मे वाद मिटतात. ते साल पाहण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना का लावत नाही?

मुदत संपते हा लेखकावर अन्याय आहे, असंही काही मंडळी मनापासून मानतात. त्यांनी या मुदतीचा इतिहास पाहावा. १७१० मध्ये अमलात आलेल्या इंग्लंडच्या पहिल्या प्रताधिकार कायद्याचा जाहीर हेतूच विद्येला उत्तेजन देणं हा होता, आणि त्याने हक्क दिला होता १४ वर्षांचा, लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षांचा. पुढे १८४१ मध्ये टॅलफोर्ड या खासदाराने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क देण्याचं विधेयक पार्लमेंटपुढे ठेवलं. त्याला कडाडून विरोध केला तो मेकॉलेने, ज्याच्या शिक्षणविषयक टिपणावर आपण आजही वाद घालतो. त्याचा मुद्दा साधा होता. लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे, पण मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने मिळणाऱ्या पैशाच्या आशेने कुणी लिहीत नाही. तो पैसा जातो हक्क विकत घेणाऱ्याच्या खिशात, भुर्दंड पडतो वाचकावर, आणि एखाद्या वारसाला पुस्तक नावडलं तर ते दडपलंही जाऊ शकतं. ते विधेयक तेव्हा फेटाळलं गेलं. तीच ६० वर्षांची मुदत आज आपल्या कायद्यात आहे, आणि ती आली कशी? पूर्वी आपल्याकडे ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, म्हणून वर्ष संपता संपता अध्यादेश निघाला आणि १९९२ मध्ये मुदत सरसकट ६० वर्षं झाली. एका थोर लेखकापायी सगळेच लेखक १० वर्षं मागे गेले. साने गुरुजींची पुस्तकं २००१ ऐवजी २०११ मध्ये मोकळी झाली. याउलट गांधीजींच्या लेखनाची मुदत २००८ अखेर संपली, तेव्हा ते हक्क सांभाळणाऱ्या नवजीवन ट्रस्टने ती वाढवून मागितली नाही. गांधीजींचं त्यात काही कमी झालं का?

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या नकलेला कायद्याच्या कलम ५२ ने मुभा दिलेलीच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी केलेल्या झेरॉक्स-संचांच्या बाजूने निकाल दिला. मग मृत्यूची सालं मोजत बसायची गरजच काय? हा निकाल महत्त्वाचा आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण ही मुभा अध्यापनाच्या ओघातली आहे, आणि आजचा शिक्षक वर्गातच थांबत नाही. तो यूट्यूबवर पाठ टाकतो, गाईड लिहितो, जिल्ह्याच्या इतिहासावर पुस्तक छापतो. त्याची विद्यार्थिनी प्रबंध प्रकाशित करते, गावाच्या शतकोत्तर स्मरणिकेत लेख लिहिते. त्या क्षणी वर्गातली सवलत पातळ होते आणि ‘शिक्षणासाठी आहे’ हे कारण तोकडं पडतं. प्रताधिकारमुक्त साहित्याला अशी हद्द नसते. ते फळ्यावर लावा, छापून विका, त्यावर माहितीपट काढा, कुणाची परवानगी लागत नाही. सवलत हवीच, पण कायमच्या कामाचा पाया सवलतीवर घालू नये.

दुसरी बाजू म्हणते, शोधायला वेळ कुणाला आहे? गूगलला विचारलं की चित्र मिळतं. मिळतं, पण कुणाचं? शिवाजी महाराजांचं उदाहरण मराठी माणसाला तरी सांगायला नको. भलत्याच व्यक्तीचं चित्र महाराजांचं म्हणून कितीतरी वर्षं छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी डच दप्तराशी निगडित पुरावा शोधून महाराजांचं खरं समकालीन चित्र लोकांपुढे आणलं. पुराव्याशिवाय चित्र छापू नये हा धडा आपल्याच इतिहासकाराने घालून दिला आहे. आज तर संगणकाने रंगवलेले, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चेहरे राजर्षी शाहूंचे, ताराराणींचे म्हणून फिरतात आणि शाळेच्या फलकावरही चढतात. अशा वेळी जिथे चित्राखाली कर्ता, काळ, आकार, मूळ प्रत कुठे आहे आणि हक्काची स्थिती काय, हे लिहिलेलं असतं, तिथे जाऊनच चित्र घ्यायला हवं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सेन अल्बम म्हणून ओळखला जाणारा गोवळकोंडा शैलीतल्या चित्रांचा संग्रह आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या या संग्रहात शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. ते मोठ्या आकारात, सर्व तपशिलांसह, एक पैसा न देता कोल्हापुरातल्या कोणत्याही शाळेला उतरवून घेता येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्याकडच्या प्रताधिकारमुक्त कलाकृतींच्या पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा याच पद्धतीने खुल्या केल्या. अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयसमूहाने २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसाठ्यावर प्रत्येक फाइलखाली ती मोकळी का आहे याचं कारण लिहावं लागतं. ते कारण वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं हीच संशोधनाची पहिली पायरी आहे.

मराठी साहित्य शोधणं मात्र खरोखर कष्टाचं आहे, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात जुनी मराठी पुस्तकं विपुल आहेत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेला मोठा संग्रहही तिथे आहे. पण नावं रोमन लिपीत, मन मानेल तशी लिहिलेली. ज्ञानेश्वरी ‘डी’ने शोधा, ‘जे’ने शोधा, ‘जी’ने शोधा, प्रत्येक वेळी वेगळी पुस्तकं निघतात. पानं गहाळ, मुखपृष्ठ एकाचं आणि आत दुसरंच, हेही घडतं. साल शके पद्धतीने छापलेलं असतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शके १८२० म्हणजे १८९८. आणि मृत्यूचं साल पुरेसं नसतं, अशाही जागा आहेत. तुकोबांचे अभंग सर्वांचे, पण हयात संपादकाची प्रस्तावना आणि टीपा त्याच्याच. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ चं, ते २०१७ पासून मोकळं आहे. पण लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजतात. म्हणून १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ला हा नियम लावला, तर ते २०४७ अखेरपर्यंत मोकळं होत नाही. अमेरिकेतल्या संकेतस्थळावर ‘पब्लिक डोमेन’ असा शिक्का दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तिकडे जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं अशी मोजतात आणि हिशेब वेगळा निघू शकतो. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात एखादी गोष्ट वाचायला मिळते याचाही अर्थ ती छापायला मोकळी आहे असा नाही. हे सगळं किचकट आहे, मान्य. पण मोडी वाचणं किचकट आहे म्हणून आपण मोडी सोडली का? शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्याला संदर्भसूची कशी करायची हे आपण शिकवतो, मग हा हिशेबही त्याच तासाला शिकवायला काय हरकत आहे?

संस्थांची बाजू मी हलक्यात घेत नाही. जुनं ग्रंथालय किंवा खासगी संग्रह सांभाळणं म्हणजे वाळवी, दमट हवा, गळकं छप्पर आणि तुटपुंजं अनुदान यांच्याशी रोजची लढाई. स्कॅनर विकत घ्यायचा, माणूस ठेवायचा, आणि मग सगळं फुकट वाटून टाकायचं? हा प्रश्न विचारणाऱ्या ग्रंथपालाचा मला आदर वाटतो. एका संस्थेकडे राजर्षींच्या काळातलं एक छायाचित्र मागितलं, तेव्हा चित्रावर आडवा शिक्का मारलेली धूसर प्रत आणि ‘सर्व हक्क राखीव’ असं पत्र मिळालं. छायाचित्र राजर्षींच्या हयातीत, म्हणजे १९२२ पूर्वी छापून आलेलं. त्यावरचे हक्क केव्हाच संपलेले. राखीव कोणते? सेवेचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. मोठी छपाई करून दिली, सीडी दिली, माणसाचा वेळ दिला, तर त्याचं शुल्क रास्त आहे. पण स्कॅन करण्याच्या श्रमातून नवा प्रताधिकार जन्मत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं, की नुसत्या मेहनतीने आणि पैशाने हक्क मिळत नाही, त्यात कर्त्याची काही स्वतंत्र बुद्धी आणि निर्मिती दिसावी लागते. तो खटला न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींचा होता, पण तर्क सपाट चित्राच्या जशाच्या तशा स्कॅनलाही लागू पडतो, असं मला ठामपणे वाटतं. वस्तू तुमच्या मालकीची असेल, पण तिच्यातल्या आशयावर मालकी सांगता येत नाही. वेदोक्त प्रकरण ज्या शहरात घडलं, मंत्रांचा अधिकार मोजक्यांचाच या दाव्याला ज्या शहराच्या राजाने आव्हान दिलं, त्या शहरात तरी हा फरक समजावून सांगावा लागू नये. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढणाऱ्या राजाचं छायाचित्र त्याच्याच गावच्या शाळेला धूसर का मिळावं?

गेल्या काही काळात एक नवा युक्तिवाद पुढे आला आहे, आणि कोल्हापुरात तो काळजाला भिडतो. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल उतरवली, कोल्हापूरचं नावही न घेता. मग लोक म्हणू लागले, आपलं सगळं खुलं ठेवलं तर उद्या नक्षी, दागिने, पोस्टर्स असंच कुणीही उचलेल. संताप योग्यच होता, पण त्यातून काढलेला हा निष्कर्ष चुकीचा आहे. चपलेचं संरक्षण करतो भौगोलिक निर्देशनाचा कायदा. ते मानांकन २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांना मिळालेलं आहे. जुन्या छायाचित्रांवर कुलूप घालून त्या संरक्षणात कणभर भर पडत नाही. उलट प्राडाला भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य करावी लागली ती हा घाट कुणाचा हे जगाला दाखवता आलं म्हणून. पुरावा जितका खुला, तितका उचलेगिरीचा इन्कार अवघड. नक्षी कपाटात आणि तिची नक्कल बाजारात, अशी स्थिती झाली तर आपण कशाच्या जोरावर बोलणार?

त्याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. मोकळं झालेलं साहित्य म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना छापता आलं त्यांचं साहित्य. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६ चा कोल्हापूर खंड कुणालाही सहज मिळतो. शेती, नद्या, बाजार, देवळं यांसाठी तो खजिना आहे, पण त्यात जातीजमातींची वर्णनं वसाहतीच्या अंमलदाराच्या नजरेतून केलेली आहेत. हे विद्यार्थ्याच्या हातात ‘मोफत आणि अधिकृत’ म्हणून ठेवलं, तर ती नजरही त्याला मोफत मिळते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून गॅझेटियर लपवता येत नाही. त्याच्या शेजारी त्याच काळातलं दुसरं काय ठेवतो, हे शिक्षकाचं काम. मुक्ता साळवेचा १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेलेला निबंध मोकळा आहे. सावित्रीबाईंचे ‘काव्यफुले’ १८५४ चं, महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची, हे सगळं मोकळं आहे. १८८२ ची ताराबाई आणि १८८६ चा गॅझेटियर एकाच तासाला समोरासमोर वाचून पाहा. चार वर्षांच्या अंतराने एकाच समाजाकडे पाहणाऱ्या दोन नजरा मुलांना दिसतील. कोणतंही क्रमिक पुस्तक हे एकट्याने करू शकत नाही, आणि यासाठी कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही. ‘विकिस्रोत’ या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात अशी मराठी पुस्तकं शोधता येतील अशा युनिकोड अक्षरांत टंकली जात आहेत. तिथे हात लावणारे थोडे आहेत, वाचणारे पुष्कळ.

आणि कोल्हापूरला तर गमावण्याचा अनुभव आहे. बाबूराव पेंटरांनी इथे स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ केला. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना याच गावात झाली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली, तीत त्या युगाच्या किती प्रती गेल्या. दरबारगायक अल्लादिया खाँसाहेबांनी आपलं गाणं ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. आपल्याला ते ऐकू येतं ते केसरबाईंसारख्या शिष्यांच्या तबकड्यांमधून, आणि त्यांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची ६० वर्षं आता भरली आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या किती घरांतल्या पेट्या, वह्या, फोटो भिजून लगदा झाले असतील. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. एकुलती एक प्रत कुलपात सुरक्षित असते, हा समज या शहराने तरी आता सोडायला हवा. प्रती जितक्या जास्त हातांत, तितकं आयुष्य जास्त.

हे करणार कोण, असं विचारलं जाईल. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प आपण दरवर्षी बांधून घेतो आणि वर्षअखेरीस गठ्ठ्यात टाकतो. त्यांतला एक प्रकल्प असा ठेवावा, की विद्यार्थ्याने आपल्या गावच्या वाचनालयातलं मुदत संपलेलं एक पुस्तक, एक स्मरणिका किंवा छायाचित्रांचा एक संच घ्यावा, नीट स्कॅन करावा आणि संस्थेच्या संमतीने कॉमन्स किंवा अर्काइव्हवर चढवावा. खाली कर्त्याचं नाव आणि त्याच्या मृत्यूचं साल, पहिल्या प्रकाशनाचं साल, मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे ते, आणि प्रत सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव ठळकपणे लिहावं. श्रेय संस्थेला मिळालंच पाहिजे, आडवा शिक्का मात्र नको. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात वाचकांसाठी उभं आहे. तशा वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी दर १ जानेवारीला त्या दिवशी मोकळ्या झालेल्या मराठी लेखक-चित्रकारांची यादी दारावर लावावी. २०२७ च्या यादीत १९६६ मध्ये गेलेली मंडळी असतील. ती यादी करायला आजपासून कुणीतरी बसायला हवं.